बाभूळ ऊर्फ वॅचेलिया

आबा गेल्यानंतर शेताच्या वारस नोंदीचं काम माझ्याकडे आलं. घरात 'कम्प्युटरवाला' मीच. आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात, तेव्हा चार क्लिकमध्ये होईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही धरलं. पुण्याहून रात्रीच्या गाडीने मलकापूरला आलो, कागदपत्रं स्कॅन केली, अर्ज भरला आणि परत गेलो.

तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. आजीच्या मतदार ओळखपत्रावर एक नाव होतं आणि आधार कार्डावर दुसरं. माहेरचं नाव एका फुलाचं, सासरचं एका देवीचं. लग्नात ताटातल्या तांदळात आबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून ती देवी झाली. पण आधारचं शिबिर लागलं तेव्हा ती भावाकडे होती, माहेरची कागदं दाखवली गेली आणि कार्डावर फूलच छापून आलं. दहा वर्षांत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी ज्या कचेरीत गेलो तिथल्या माणसाने दोन्ही झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या आणि अगदी सहज विचारलं, "आजोबांना दोन बायका होत्या का?"

मला राग आला नाही, कारण पुण्यात मी हेच काम करतो. माझी टीम ग्राहकांच्या नोंदी सांभाळते. एकच माणूस तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने नोंदला गेला की सिस्टिमला तीन माणसं दिसतात. कोणत्या नोंदी एकत्र करायच्या, कोणती खरी धरायची आणि उरलेल्यांचं काय करायचं, हे ठरवण्यात माझी पाच वर्षं गेलीत. कचेरीतला तो माणूस माझ्या प्रोग्रॅमसारखाच वागत होता.

त्या संध्याकाळी शेतावर गेलो. आमच्या धुऱ्यावर एक जुनी बाभूळ आहे. आबांच्या वखराचं लाकूड तिच्या फांदीचं होतं, शेळ्यांना शेंगा तिच्याच, आणि हिवाळ्यातल्या लाडवांचा डिंकही. सहज फोन काढून झाड ओळखणाऱ्या ॲपमध्ये फोटो टाकला. उत्तर आलं, वॅचेलिया निलोटिका.

अकरावीच्या जर्नलमध्ये मी याच झाडाचं नाव 'अकेशिया' लिहिलं होतं आणि त्याला बरोबरची खूणही मिळाली होती. म्हणजे बाभळीचंही नाव बदललं होतं. ते कुणी बदललं आणि कुणाला विचारून, हे शोधायला लागलो आणि पुढचे दोन महिने त्यातच गेले.

एक झाड, किती नावं

झाडांची यादी करायची तर पहिली अडचण नावाची असते. आपण 'बाभूळ' म्हणतो. पण देवबाभूळ वेगळी, रामकाठी हा बाभळीचाच एक सरळ वाढणारा प्रकार, आणि रेल्वे रुळांच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ तर बाभळीच्या वंशातली नाहीच, ती अमेरिका खंडातून आलेली. उलट विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात त्याच भाजीला माझे पुण्यातले रूममेट टाकळा म्हणतात. बोलीतली नावं जिवंत असतात, पण दोन गावांच्या मध्ये ती फसवू शकतात.

ही अडचण सोडवण्याचा एक जुना आणि सुंदर प्रयत्न मलबारच्या किनाऱ्यावर झाला. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक फान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. त्यामागे इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी १६७५ साली लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात आहे. भाषा कोकणी, लिपी नागरी. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲम्स्टरडॅममध्ये छापलेली ती अक्षरं आजही आपल्याला ओळखू येतात.

मला त्यातली चित्रं जास्त आवडली. चित्राच्या कोपऱ्यात त्या झाडाची नावं एकाखाली एक कोरलेली असतात, रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी लिपीत. झाड एक, आणि त्याला हाक मारणाऱ्या सगळ्यांची नावं एकाच पानावर.

पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने 'स्पीशीज प्लांटारम' हा ग्रंथ काढला. त्यात सुमारे सहा हजार वनस्पती होत्या. प्रत्येकीला दोन शब्दांचं लॅटिन नाव, पहिला शब्द कुळासारखा, दुसरा खास तिचा. लिनियसने हॉर्टस मलबारिकसचा आधार जागोजागी घेतला, पण कोपऱ्यातली चार लिप्यांतली नावं आता मागे पडली. यादी चालवायची तर प्रत्येक झाडाला एकच अधिकृत नाव हवं होतं. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर लिनियसने प्रायमरी की बसवली.

लिनियसने बाभळीला नाव दिलं मिमोसा निलोटिका, म्हणजे नाईलकाठची. दुसऱ्याच वर्षी, १७५४ साली, इंग्रज माळी फिलिप मिलरने 'अकेशिया' हा वंश वेगळा मांडला. हा शब्द मूळचा ग्रीक, काट्याशी नातं सांगणारा. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही तो इजिप्तच्या डिंक देणाऱ्या काटेरी झाडासाठी येतो. पुढे त्याच बाभळीला कुणी अकेशिया अरेबिका म्हटलं, कुणी अकेशिया निलोटिका. इंग्रजांच्या काळातली हिंदुस्थानातली पुस्तकं उघडलीत तर बहुधा 'अरेबिका' सापडेल.

डार्विनचे पैसे

शंभर वर्षांत जगभर नावांचा पूर आला. एकाच झाडाला लंडनमध्ये एक नाव, पॅरिसमध्ये दुसरं आणि कलकत्त्यात तिसरं. याचा त्रास चार्ल्स डार्विनलाही झाला. आपण वाचतोय ती वनस्पती नेमकी कोणती हे शोधण्यात त्याचा वेळ जाई. १८८२ साली तो वारला, पण त्याआधी लंडनच्या क्यू बागेला या कामासाठी पैसे देण्याची व्यवस्था करून गेला. जोसेफ हूकरच्या देखरेखीखाली बेंजामिन डेडन जॅक्सनने दहा-अकरा वर्षं राबून 'इंडेक्स क्यूएन्सिस' तयार केलं. १८९३ ते १८९५ मध्ये ते छापून आलं. सुमारे चार लाख नावं, आणि प्रत्येक नाव पहिल्यांदा कुठे छापलं गेलं त्याचा पत्ता. पुढे त्याला पुरवण्या जोडत गेले. १९९९ साली क्यू, अमेरिकेतलं हार्वर्ड आणि ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय हर्बेरियम यांनी आपापल्या नोंदी एकत्र करून इंटरनेटवर ठेवल्या.

पण ती नावांची यादी होती, झाडांची नव्हे. जगात एकूण वनस्पती किती, याचं उत्तर तिच्यात नव्हतं. ते उत्तर जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय कराराने मागितलं. २००२ साली त्या कराराखालच्या देशांनी ठरवलं की २०१० पर्यंत जगातल्या ज्ञात वनस्पतींची एक कामचलाऊ यादी हवी. 'कामचलाऊ' हा शब्द मला फार प्रामाणिक वाटला. क्यू आणि अमेरिकेतली मिझुरी बाग यांनी मिळून डिसेंबर २०१० मध्ये 'द प्लांट लिस्ट' दिली. २०१३ च्या तिच्या आवृत्तीतले आकडे असे:

प्रजातींची एकूण नावं १०,६४,०३५.
मान्य नावं ३,५०,६९९.
पर्यायी नावं, म्हणजे आधीच मान्य नाव असलेल्या झाडांची जास्तीची नावं, ४,७०,६२४.
अनिर्णित २,४२,७१२.

हे वाचून मी लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या हसलो. मान्य नोंदींपेक्षा डुप्लिकेट जास्त आणि जवळजवळ एक चतुर्थांश फाइली प्रलंबित! आमच्या कंपनीचा डेटा इतकाही वाईट नाही. पण आमच्याकडे तीन शतकांचा, डझनभर भाषांतला, बोटीतून आलेला डेटाही नाही.

पुढची पायरी होती 'वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन'. नुसती यादी नको, वर्णनासकट सगळ्या वनस्पती एका ठिकाणी हव्यात. मिझुरी, न्यूयॉर्क, एडिनबरा आणि क्यू या चार बागांनी सुरुवात केली, पुढे जगभरच्या संस्था जोडल्या गेल्या. या प्रकल्पाची घोषणा झाली ती आपल्या हैदराबादला, ऑक्टोबर २०१२ मध्ये, जैवविविधता कराराच्या अकराव्या परिषदेत.

बोदवडपर्यंतची बाभूळ

या सगळ्यात मलकापूर कुठे, हे शोधताना मला आपल्या भागाचा इतिहास नव्याने कळला.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा गाजलेला ग्रंथ थिओडोर कुकचा, 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे', १९०१ ते १९०८. कुक मूळचा इंजिनियर! आयर्लंडहून रेल्वेच्या नोकरीवर आला, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल बांधला आणि १८६५ साली पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला. पुढे तेच कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आजचं सीओईपी. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता त्याने झाडं गोळा केली आणि निवृत्तीनंतर क्यूमध्ये बसून हा ग्रंथ लिहिला. इंजिनियरिंग केल्यावर 'आता आयुष्यभर हेच का' असा प्रश्न पडणाऱ्या माझ्यासारख्यांना कुक बराच धीर देतो.

कुकच्या ग्रंथात पार सिंधपासून कारवारपर्यंतच्या वनस्पती आहेत, कारण तेव्हाचा मुंबई इलाखा तेवढा होता. खानदेशही त्यात आला. पण भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी बोदवड सोडून पुढे आली की मलकापूर लागतं, आणि मलकापूर वऱ्हाडात. वऱ्हाड निजामाचं, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं. म्हणजे कराचीची बाभूळ कुकच्या कक्षेत होती, बोदवडचीही होती, आणि पुढच्या मलकापूरची नव्हती. जमीन तीच काळी, झाड तेच. मध्ये फक्त कागदावरची एक रेघ.

ब्रिटिश हिंदुस्थानवरच्या हूकरच्या सात खंडांत वऱ्हाड येत होतं, पण एवढ्या मोठ्या पटावर एका जिल्ह्याला किती जागा मिळणार? १९१६ साली डी. ओ. विट या वनअधिकाऱ्याने मध्य प्रांताच्या उत्तरेकडच्या आणि वऱ्हाडच्या जंगलांतल्या झाडाझुडपांची यादी केली. खास बुलढाणा जिल्ह्याची वनस्पतीसूची भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने छापली ती २००० साली. पी. जी. दिवाकर आणि बी. डी. शर्मा हे तिचे लेखक. लिनियसनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी आमच्या जिल्ह्याचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं.

जगाची यादी अशाच याद्यांवर उभी असते. जिल्ह्यात उन्हातान्हात फिरून कुणीतरी फांदी तोडतं, कागदांत दाबून वाळवतं, गावाचं नाव आणि तारीख लिहितं. त्यावरून राज्याची यादी, देशाची, मग जगाची. वरच्या सर्व्हरवर कितीही हुशार प्रोग्रॅम बसवा, खालची नोंद झालीच नसेल तर ते झाड जगाला दिसत नाही.

व्हिएन्नातलं मतदान

आता मूळ प्रश्न. बाभळीचं नाव कुणी बदललं?

विसाव्या शतकाच्या शेवटी डीएनए तपासल्यावर कळलं की 'अकेशिया' हा एक वंश नाही, निदान पाच तरी आहेत. सगळ्यांना एकाच नावाखाली ठेवता येणार नव्हतं. मग 'अकेशिया' हे नाव कुणाकडे राहणार? नियम स्पष्ट होता. ज्या प्रजातीवर वंशाचं नाव टेकलेलं असतं, नाव तिच्या बाजूला जातं. ती प्रजाती होती अकेशिया निलोटिका, म्हणजे आपली बाभूळ. बाभूळ जिथे, अकेशिया तिथे.

पण अकेशियाच्या तेव्हाच्या साडेतेराशे प्रजातींपैकी साडेनऊशेहून जास्त ऑस्ट्रेलियातल्या एका गटात होत्या. बाभळीच्या गटात दीडशेच्या आसपास. नियम पाळला तर ऑस्ट्रेलियातल्या त्या सगळ्या झाडांची नावं बदलावी लागणार. म्हणून २००३ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी प्रस्ताव मांडला की अकेशियाचा आधारच हलवावा, बाभळीवरून काढून एका ऑस्ट्रेलियन झाडावर ठेवावा.

इंजिनियर म्हणून मला हा युक्तिवाद लगेच पटला. कमीत कमी नोंदी बदला, कमीत कमी गोष्टी मोडतील. मी मीटिंगमध्ये बसलो असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

पण जगातल्या सगळ्यांना ते पटलं नाही. आफ्रिकेच्या गवताळ रानांची ओळखच अकेशिया. भारतात अकेशिया म्हणजे बाभूळ, खैर, हिवर. शिवाय नावातच काटा आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक झाडांना काटेच नाहीत!

२००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये हा वाद मतदानाला आला. ५४.९ टक्के मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, ४५.१ टक्के बाजूने. आणि प्रस्ताव मंजूर झाला. समित्यांनी आधीच शिफारस केली असल्यामुळे ती फेटाळायला ६० टक्के मतं लागतील असं ठरलं होतं. विरोधकांकडे बहुमत होतं, पण ६० टक्के नव्हतं.

त्यावर सहा वर्षं भांडण चाललं. २०११ ची काँग्रेस भरली मेलबर्नला, म्हणजे ऑस्ट्रेलियातच. तिथे व्हिएन्नाचा निर्णय मोठ्या बहुमताने कायम झाला. या सभांत वैयक्तिक मत द्यायचं तर स्वतः हजर राहावं लागतं. संस्थांना वेगळी मतं असतात, एक ते सात, आणि मोठी जुनी हर्बेरियम बहुतेक कुठल्या देशांत आहेत ते सांगायला नको. लबाडी कुणी केली नाही. नियम आधीच लिहिलेले होते. फक्त विमानाचं तिकीट कुणाला परवडतं, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं.

बाभूळ मग गेली वॅचेलिया या वंशात. २००८ साली तिचं नवं नाव रीतसर छापलं गेलं. खैर झाला सेनेगेलिया. वॅचेलिया हे नाव वाइट आणि आर्नट यांनी १८३४ साली, भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवर लिहिलेल्या ग्रंथात, जॉर्ज हार्वे वॅचेल या पाद्र्यावरून ठेवलं होतं. वॅचेल चीनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि तिथे वनस्पती गोळा करायचा. आमच्या धुऱ्याशी त्याचा एवढाच संबंध.

हीच सभा वेगळा निर्णयही घेऊ शकते. २०२४ साली माद्रिदला मतदान झालं आणि आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठी शिवी असलेला एक शब्द दोनशेहून अधिक वनस्पतींच्या नावांतून बदलायचं ठरलं. आपल्या पांगाऱ्याची एक आफ्रिकन बहीणही त्यात आहे. म्हणजे सोयीपेक्षा मोठं काही असतं, हे त्या सभेलाही मान्य आहे. फक्त ते कुणीतरी तिथे जाऊन मांडावं लागतं.

ऊर्फ

पुढच्या खेपेला मलकापूरला गेलो तेव्हा आजीला हे सगळं सांगितलं. ती ओट्यावर तरोटा निवडत होती. बाभळीचं नाव बदललं म्हटल्यावर ती हसली.

"बाभूयचं? तिले कोनं इचारलं?"

मी व्हिएन्नाचं मतदान समजावून सांगायला लागलो. तिने ते ऐकलं की नाही, माहीत नाही. थोड्या वेळाने खाली मान घालूनच म्हणाली, "मले तरी कोनं इचारलं होतं."

मला काही बोलता आलं नाही. तिच्या दोन नावांकडे मी इतके दिवस मॅचिंगचा प्रॉब्लेम म्हणूनच पाहत होतो. अर्ज लवकर निघावा म्हणून आधार दुरुस्त करून फुलाचं नाव सगळीकडून काढून टाकायचं, असं मनात ठरवूनही झालं होतं. कमीत कमी नोंदी बदलायच्या ना!

मग मी वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइनवर बाभळीचं पान पुन्हा उघडलं. वर मान्य नाव वॅचेलिया निलोटिका आणि खाली पर्यायी नावांत मिमोसा निलोटिका, अकेशिया निलोटिका, अकेशिया अरेबिका. रीतसर छापलेलं एकही नाव पुसलेलं नाही. वनस्पतिशास्त्राचा हा नियम मला सगळ्यात मोठा वाटतो. मान्य नाव बदलू शकतं, मतदान अन्यायाचंही होऊ शकतं, पण जुनं नाव खोडत नाहीत. ते मान्य नावाला जोडून ठेवतात, म्हणजे १८८० चं पुस्तक हातात घेतलेला माणूसही आजच्या झाडापर्यंत पोचतो. उद्या एखाद्या सभेने निर्णय फिरवला तर परतीची वाटही शिल्लक असते. त्या पानावर बाभूय मात्र नाही. ते नाव रीतसर छापलं गेलंय कुठे?

आपल्या महसुली कागदांत यासाठी फार जुना शब्द आहे, ऊर्फ.

मी आजीच्या माहेरच्या गावी गेलो. तिथल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये तिचं दुसरीपर्यंतचं नाव सापडलं, दाखला मिळाला. प्रतिज्ञापत्र केलं, दोन म्हातारे साक्षीदार उभे केले. अर्जात लिहिलं की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत आणि दोन्ही ठेवावीत. फेऱ्या आणखी चार झाल्या, पण झालं.

नवा सातबारा आला तेव्हा मी तो तिला वाचून दाखवला. देवीचं नाव, ऊर्फ, फुलाचं नाव. सासरच्या घरात तिचं ते नाव मोठ्याने कुणी घेतलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. तिने कागद हातात घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.